योशिनोरी ओसुमी: पेपर किती, प्रभाव किती?

सूक्ष्मदर्शिका
दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की शास्त्रज्ञ किती मोठा यावर आता वाद घालायची गरजच नाही, एच-इंडेक्स काढला की झालं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मला योशिनोरी ओसुमींबद्दल लिहायचंय. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एकट्याने मिळवलेले जपानी पेशीशास्त्रज्ञ. त्यांच्या कामाला ही मोजपट्टी लावून बघू, मग बोलू.

ओसुमी १९४५ चे, फुकुओकाचे. टोकियो विद्यापीठातून डॉक्टरेट, मग १९७४ ते ७७ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेराल्ड एडलमन यांच्याकडे पोस्टडॉक. एडलमन प्रतिपिंडांच्या रचनेसाठी नोबेल मिळालेले, पण ओसुमींच्या वाट्याला आलं उंदरांचं शरीराबाहेरचं फलन. त्यात काही मन रमेना, म्हणून तिथेच यीस्टकडे वळले. टोकियोला परतल्यावर अकराएक वर्षं यासुहिरो आनराकू यांच्या लॅबमध्ये दुय्यम पदावर. यीस्टच्या व्हॅक्युओलच्या पडद्यातून आयन आणि अमिनो आम्लं कशी आत-बाहेर होतात यावरचं काम. काम चांगलंच होतं, पण त्यात रस असलेले लोक मोजके. स्वतःची छोटीशी लॅब मिळाली १९८८ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

व्हॅक्युओल म्हणजे यीस्टच्या पेशीतली मोठी पिशवी. आपल्या पेशींत पचवायचं जे काम लायसोसोम करतात, ते तिथे ही करते. त्या काळी बहुतेकांच्या लेखी ती पेशीची कचराकुंडी, त्यामुळे तिच्यावर फारशी गर्दी नव्हती. ओसुमींना गर्दी नकोच होती. पेशी स्वतःचेच भाग पडद्यात गुंडाळून लायसोसोमकडे पचायला पाठवते, याला क्रिश्चियन द दुव्ह यांनी १९६३ मध्ये ऑटोफॅजी हे नाव दिलं होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची चित्रंही होती. पण हे घडवून आणणारी जनुकं कोणती, हे पुढची तीस वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं.

ओसुमींची युक्ती मला अजूनही फार आवडते. आत आलेला माल लगेच पचत असेल तर तो दिसणार कसा? म्हणून त्यांनी व्हॅक्युओलमधली पाचक विकरंच नसलेलं यीस्ट घेतलं, त्याला नायट्रोजनविना उपाशी ठेवलं आणि साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काही तासांत व्हॅक्युओल बारीक गोळ्यांनी भरून गेला आणि ते गोळे आत सारखे वळवळत होते. हे १९९२ मध्ये जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीत आलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची बाजू मिसुझु बाबा यांची.

मग उलटा विचार. उपाशी ठेवूनही ज्या यीस्टमध्ये हे गोळे जमत नाहीत, त्याचं ऑटोफॅजीचं एखादं जनुक बिघडलेलं असणार. मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीने असे म्युटंट शोधायला घेतले. पहिला हाती लागला तो उपासमारीत इतरांपेक्षा लवकर मरतो असं दिसलं, आणि तिथून काम सोपं झालं: आधी लवकर मरणारे वेगळे काढायचे, मग तेवढेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. निघाली पंधरा जनुकं. हा पेपर १९९३ मध्ये एफईबीएस लेटर्समध्ये छापला. दोनच लेखक, त्सुकादा आणि ओसुमी. पानं सहा.

आता मोजपट्टी. आधी नियतकालिकाला लावतात ती, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. तो काढताना त्या वर्षी मिळालेल्या सायटेशन (दुसऱ्या पेपरांनी दिलेले संदर्भ) धरतात, पण फक्त मागच्या दोन वर्षांत छापलेल्या पेपरांच्या. म्हणजे १९९३ च्या पेपरचा हिशेब १९९५ ला बंद! आणि तेव्हा या जनुकांचे क्रमसुद्धा वाचून झाले नव्हते. ते पुढे वाचले गेले तर बरीचशी कुठल्याच ओळखीच्या जनुकासारखी दिसेनात, त्यामुळे त्यांचं काम काय याचा अंदाजही लागेना. उलगडा व्हायला १९९८ उजाडलं. नोबेल जाहीर करताना समितीने मुख्य म्हणून चारच पेपर नमूद केले: १९९२, १९९३, १९९८ आणि २००० चा. हे सहा पानी टिपण त्यातलं एक.

माझं म्हणणं एवढंच की ओसुमींचा प्रभाव त्यांच्या पेपरांच्या यादीत शोधायला गेलात तर थोडाच सापडेल. तो दुसऱ्यांच्या यादीत आहे.

चौकस
वाचतोय. मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे दोन बाळबोध प्रश्न. एच-इंडेक्स म्हणजे नक्की काय? आणि १९९८ ला काय उलगडलं?

सूक्ष्मदर्शिका
@चौकस, एखाद्याच्या ३० पेपरांना प्रत्येकी किमान ३० सायटेशन असतील तर त्याचा एच-इंडेक्स ३०. एखाद्या पेपरला हजारो मिळाल्या तरी तो मोजला जातो एकदाच.

१९९८ चं असं: पेशीत युबिक्विटिन नावाचं चिमुकलं प्रथिन दुसऱ्या प्रथिनांना जोडलं जातं, हे आधीच माहीत होतं. नोबोरू मिझुशिमा तेव्हा ओसुमींच्या लॅबमध्ये होते. त्यांनी दाखवलं की पंधरापैकी काही जनुकं अगदी याच धाटणीची साखळी चालवतात, फक्त तिथे एटीजी१२ हे प्रथिन एटीजी५ ला जोडलं जातं (या जनुकांची आजची नावं एटीजी आणि पुढे आकडा अशी). २००० मध्ये दुसरी साखळी सापडली आणि ती जास्तच चमत्कारिक निघाली. एटीजी८ हे प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला न जोडता थेट पडद्यातल्या मेदाच्या रेणूला जोडलं जातं. गुंडाळणारा पडदा वाढण्यासाठी हे लागतं. ज्या जनुकांचा काही अर्थ लागत नव्हता, त्यातली निम्म्याच्या आसपास या दोन साखळ्यांत चपखल बसली.

बाकावरचा
पीएचडी करतोय, विषय ऑटोफॅजी नाही, तरी आमच्या लॅबमध्ये दर महिन्याला कोणी ना कोणी एलसी३ चे ठिपके मोजत बसलेलं असतं. एलसी३ म्हणजे आपल्या पेशींमधला एटीजी८ चा भाऊबंद. तामोत्सु योशिमोरी आणि मंडळींनी २००० मध्ये ते दाखवलं. योशिमोरीही ओसुमींच्या ओकाझाकीच्या लॅबमध्ये काम केलेले. पेशीत ऑटोफॅजी चालू झाली की एलसी३ पडद्यावर चिकटतं आणि चमकते ठिपके दिसतात. कर्करोगवाले, जंतूवाले, मेंदूवाले, सगळे हेच मोजतात.

आता आमच्या पेपरमध्ये कोणाला साईट करतो? गेल्या चार-पाच वर्षांतला एखादा रिव्ह्यू, म्हणजे आढावा घेणारा लेख, आणि ज्या कंपनीची अँटिबॉडी घेतली तिचा कॅटलॉग क्रमांक. त्सुकादा-ओसुमी १९९३ आमच्या एकाही पेपरच्या संदर्भात नाही. मुद्दाम वगळलाय असं नाही, ते आता गृहीतच धरलेलं आहे. लायसोसोम लिहिताना द दुव्हंचा १९५५ चा पेपर कोण साईट करतं?

खडूफळा
बाकावरच्यांनी जे सांगितलं त्याची दखल समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी फार आधी घेतली आहे. एखादी कल्पना ज्ञानात इतकी मुरते की तिचा उगम सांगायची कोणाला गरज वाटत नाही, आणि नेमकी तिथेच सायटेशन थांबतात. ज्यांनी सायटेशन मोजायचा उद्योग उभा केला त्या यूजीन गारफील्ड यांनाही हे पुरतं ठाऊक होतं. त्यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ चा. मूळ हेतू जुना पेपर पुढे कुणी वापरला हे शोधता यावं हा. ग्रंथालयाची सोय होती ती. माणसं तोलायचा काटा तिचा नंतर झाला. एच-इंडेक्स तर २००५ चा, हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला.

आणि सर्वाधिक सायटेशन कुणाला? नेचरने २०१४ मध्ये यादी काढली होती. पहिला नंबर ऑलिव्हर लाउरी यांच्या १९५१ च्या पेपरचा, तीन लाखांवर सायटेशन. विषय: द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजायची पद्धत. दुसरा आणि तिसरा क्रमांकही प्रथिनांच्याच तंत्रांना. डीएनएच्या दुहेरी गोफाचा पेपर पहिल्या शंभरातसुद्धा नाही. हा आपला थोर पेपर नव्हे असं खुद्द लाउरीच सांगत, आणि तरी लोकांच्या प्रतिसादाने गुदगुल्या होतात हेही कबूल करत.

आकडेमोड
धागा चांगला, पण मला हा युक्तिवाद एकतर्फी वाटतो. नोबेल मिळालेला माणूस घ्यायचा, मागे वळून बघायचं आणि म्हणायचं, बघा, आकड्यांना हा दिसला नव्हता. त्याच १९९३ मध्ये छोट्या नियतकालिकांत हजारो पेपर छापून आले, त्यांना तेव्हाही कुणी विचारलं नाही आणि आजही कुणी विचारत नाही. त्यांच्या बाबतीत आकडे बरोबरच होते ना? एक ओसुमी दाखवून मोजपट्टी मोडीत निघत नाही.

दुसरं, आकडे काढून टाकलेत तर त्या जागी काय येणार? ओळखीपाळखी. एका जागेला दोनशे अर्ज येतात, समितीत पाच जण, त्यातल्या चौघांचा विषय वेगळा. ते दोनशे जणांचे पेपर वाचतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी अशी एखादी समिती बघावी. आकडा निदान कोणाचा जावई आहे ते विचारत नाही.

सूक्ष्मदर्शिका
@आकडेमोड, पहिला मुद्दा रास्त आहे. छोट्या नियतकालिकातलं सगळंच सोनं असतं असं माझं म्हणणं नाही. पण तुमचा युक्तिवाद उलटा करून बघा. आकडा जर त्या हजारो पेपरांना आणि या एकाला १९९५ मध्ये सारखाच दिसत असेल, तर तो दोघांत फरक करू शकत नाही. नव्याण्णव वेळा 'यात काही नाही' म्हणून बरोबर ठरणं सोपं आहे, सगळ्यांनाच नाही म्हटलं की झालं.

जावयाचा मुद्दा मात्र लागला. त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

खडूफळा
उत्तर अर्धंमुर्धं आहे, आणि ते पेशीशास्त्रज्ञांनीच दिलंय. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. तिथे काही संपादक आणि प्रकाशक जमले आणि त्यातून एक जाहीरनामा निघाला, डोरा नावाने ओळखतात. गाभा एका वाक्यात सांगता येतो: माणूस निवडताना, बढती देताना, पैसे देताना नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, काम काय आहे ते बघा. पुढच्याच वर्षी रँडी शेकमन यांनी नोबेल घेताना जाहीर केलं की नेचर, सायन्स, सेल या तिघांकडे आपली लॅब यापुढे पेपर पाठवणार नाही. तेही यीस्टवालेच. पेशीतून प्रथिनं बाहेर कशी पाठवली जातात त्याची जनुकं त्यांनी म्युटंट गोळा करूनच शोधली होती, ओसुमींच्या दहा-बारा वर्षं आधी.

मी स्वतः अनेक समित्यांवर बसलो आहे. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, उमेदवारांच्या सगळ्या पेपरांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज मागवली होती. तीन दशांश स्थळांपर्यंत! बेरीज झाल्यावर मुलाखती निव्वळ उपचार.

बाकावरचा
शेकमन यांना नोबेल मिळाल्यावर बहिष्कार घालणं परवडतं हो. तिथे पेपर पाठवायचा नाही असं मी ठरवलं तर माझी पोस्टडॉक गेलीच. त्यांच्या लॅबमधल्या मुलांनाही तो निर्णय सोसावा लागला असेलच.

बाकी एक गोष्ट कोणी बोललं नाही. आमच्याकडे पहिलं नाव हाताने काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं. एच-इंडेक्सला दोन्ही सारखेच, मधल्या नवव्या लेखकालाही तितकंच पुण्य. १९९३ च्या पेपरवर दोनच नावं आहेत म्हणून निदान त्सुकादा दिसतात. आज तोच पेपर चौदा जणांच्या नावाने आला असता.

रानवाट
मग हाच प्रश्न नोबेललाही लावा की! एकट्याला का? जर्मनीत मिखाएल थुम यांच्या गटाने १९९४ मध्ये असेच यीस्टचे म्युटंट काढले, तेही एफईबीएस लेटर्समध्येच. अमेरिकेत डॅनियल क्लिऑन्स्की वेगळ्याच प्रश्नामागे होते, एक विकर व्हॅक्युओलपर्यंत पोहोचतं कसं, आणि त्यांचीही जनुकं हीच निघाली. तिघांनी तीन नावं दिली होती, एकच जनुक तीन नावांनी फिरत होतं. २००३ मध्ये सगळ्यांनी बसून एटीजी हे एकच नाव ठरवलं. बेथ लिव्हाइन यांनी १९९९ मध्ये बेक्लिन या ऑटोफॅजीच्या जनुकाचा आणि कर्करोगाच्या गाठींचा संबंध दाखवला. हे सगळे बाहेर आणि एक माणूस आत, असं कसं?

सूक्ष्मदर्शिका
@रानवाट, पहिली सगळी यादी ओसुमींची, आणि त्या यादीतली यंत्रणा उलगडली तीही त्यांच्याच लॅबने. समितीने शोध कुठे सुरू झाला ते बघितलं असं मी समजते. पण माणसांच्या आजारांशी जोडणाऱ्यांना वगळलं ही तक्रार मला पटते. मिझुशिमांनी पुढे स्वतंत्र लॅबमध्ये दाखवलं की एटीजी५ नसलेली उंदराची पिल्लं जन्मल्यावर दिवसभरातच मरतात. नाळेतून मिळणारं अन्न थांबतं, आईचं दूध सुरू व्हायला वेळ असतो, त्या मधल्या काळात पेशींना स्वतःचंच पचवून तगावं लागतं. २००६ मध्ये जपानमधल्याच दोन गटांनी दाखवलं की फक्त चेतापेशींतली ऑटोफॅजी बंद केली तरी मेंदू खराब होत जातो. इथे यीस्टचं काम वैद्यकात शिरलं. ओसुमी या सगळ्यात लेखक म्हणून फारसे नाहीत, ते यीस्टपाशीच राहिले.

आकडेमोड
आकड्यांवर टीका चाललीच आहे तर एक मीच देतो. ऑटोफॅजी मोजायची कशी याचे नियम सांगणारा एक पेपर दर काही वर्षांनी निघतो: २००८, २०१२, २०१६, २०२१. क्लिऑन्स्की पहिले लेखक. २०१६ च्या आवृत्तीला दोन हजारांहून जास्त लेखक आहेत. त्याला प्रचंड सायटेशन मिळतात आणि त्या प्रत्येक लेखकाच्या खात्यावर जमा होतात. यात लबाडी कोणाचीच नाही, पेपर खरंच उपयोगाचा आहे. पण दोन माणसांचा सहा पानी पेपर आणि हा पेपर एकाच रकान्यात एकेक म्हणून बसतात. इतकं मला मान्य.

चौकस
आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला एक ढकललेला मेसेज येतो: 'सोळा तास उपाशी राहा, पेशी स्वतःची सफाई करतात, जपानी शास्त्रज्ञाला यासाठी नोबेल.' ते हेच का?

बाकावरचा
हेच, आणि त्यातला शेवटचा भाग चूक. नोबेल यंत्रणेसाठी आहे, उपवासासाठी नाही. ओसुमींनी यीस्टला नायट्रोजनविना ठेवलं होतं, माणसाला सोळा तास नव्हे. उंदरांत उपासमारीने ऑटोफॅजी वाढते हे पक्कं आहे. जिवंत माणसाच्या यकृतात किंवा मेंदूत ती किती चालू आहे हे मोजणं फार अवघड आहे, त्यामुळे नेमके तास सांगणाऱ्याला विचारावं, कुठे मोजलंत?

रानवाट
प्रभावच म्हणायचा हाही. सायटेशन शून्य, वाचक कोट्यवधी. ;-)

सूक्ष्मदर्शिका
हा हा. आणि यात विरोधाभास असा की 'उपयोग काय' या प्रश्नाला ओसुमी कायम वैतागत आले. नोबेलनंतर त्यांनी जपानमध्ये हेच लावून धरलं की पाच-दहा वर्षांत उपयोग दाखवा असा आग्रह धरलात तर मूलभूत संशोधन बंद पडेल. २०१७ मध्ये अशा कामाला पैसे देण्यासाठी स्वतःच्या नावाची संस्थाही काढली.

आकडेमोड
शेवटचं विचारतो. समजा आकडे नकोत, समजा मी समितीवर आहे आणि १९९५ साल आहे. तुम्ही असतात तर त्या सहा पानांत नेमकं काय बघून त्यांना निवडलं असतंत? मागून शहाणपण नको.

सूक्ष्मदर्शिका
अवघड विचारलंत. मी दोन गोष्टी बघितल्या असत्या. पहिली, प्रश्न तीस वर्षं जुना आहे आणि उत्तर शोधायची रीत पहिल्यांदाच हाती आली आहे. दुसरी, ती रीत कुणालाही वापरता येईल इतकी स्वस्त आहे: यीस्ट, उपासमार, साधा सूक्ष्मदर्शक. म्युटंट तयार आहेत, मागितले तर पाठवता येतात. थुम यांचा गट वर्षभरात तशाच ठिकाणी पोहोचला यावरून प्रश्न पिकला होता हे १९९५ मध्येही दिसत होतं. यासाठी पेपर वाचावा लागतो, आणि तुमच्या पाच जणांतला तो एक विषयातला माणूस बोलावा लागतो.

खडूफळा
तो बहुधा गप्प बसतो. बाकीच्या चौघांकडे बेरीज असते.

बाकावरचा
त्या यादीतल्या दोघांचं सांगायचं राहिलं. एटीजी२ आणि एटीजी९ यांची नावं नव्वदीपासून माहीत होती, म्युटंट होते, काम कळत नव्हतं. एटीजी२ हे लांबट प्रथिन एका पडद्यातून दुसऱ्या पडद्याकडे मेदाचे रेणू वाहून नेतं हे २०१९ च्या सुमारास दिसलं. आलेले रेणू एटीजी९ पडद्याच्या दोन्ही थरांत वाटून देतं, हे २०२० ला. म्हणजे गुंडाळणारा पडदा वाढतो कसा या प्रश्नाचं मोठं उत्तर पंचवीस-सव्वीस वर्षं त्याच यादीत पडून होतं. हे आता कुणाच्या नावावर मांडायचं ते आकडेमोड यांनी सांगावं.

आकडेमोड
ज्यांनी मेद मोजला त्यांच्या. पण यादीला किमान एक सायटेशन द्या की राव, तुमच्या पेपरमध्ये सुद्धा.

बाकावरचा
पुढच्या मसुद्यात टाकतो. गाईडने काढला नाही तर राहील.